चांगुणाफुईचा आकडा

चांगुणाफुई कुणाच्याही घरी गेली की सरळ चुलीपाशी जाऊन बसायची. पडवीतली पुरुषमाणसं "या, बसा" म्हणत उठून उभी राहिलेली असायची, तिच्यासाठी गोधडी अंथरलेली असायची. ही त्या गोधडीला वळसा घालून आत. आत गेली की तिथल्या बाईला जरा सरकायला सांगायची, चुलीतलं लाकूड पुढे ढकलायची, भाकरीच्या टोपलीवरचं फडकं उचलून बघायची, पाण्याच्या हंड्यात वाकायची. आगाऊपणाच म्हणायचा! पण कुणी तिला कधी अडवलं नाही. ती ज्या कामासाठी आलेली असायची, त्या कामात तिचा शब्द शेवटचा असायचा.

काम म्हणजे देज ठरवणं. आमच्याकडे हुंडा नाही, मुलाकडचेच मुलीच्या घरी देज देतात. पोशेऱ्यात, आमच्या गावात, आणि आसपासच्या पाड्यांवर लग्न जुळत आलं आणि देजावर येऊन अडलं, की चांगुणाफुईला बोलावणं जायचं. दोन्हीकडून जायचं, हे विशेष. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणून आमच्या बोलीत फुई. पण पुढे पुढे सगळा तालुकाच तिला फुई म्हणायला लागला. शाळेचं तोंड न पाहिलेली हडकुळी बाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, चढावरचं नागलीचं शेत आणि एक बैलजोडी एकटीने सांभाळायची. त्या बैलांशी ती जितकं बोलायची तितकं माणसांशी बोलत नसे.

"देज म्हंजे काय पोरीची किंमत नाय," कुणी तसं म्हटलं की ती भडकायची. "त्या घरातून दोन हात जातात. लावनीला, कापनीला, पान्याला. त्या हातांचं काय ते बोला."

एकदा मी तिच्याबरोबर अशा बैठकीला गेले होते. मुलीच्या बापाने भलताच आकडा मागितला होता आणि तो हटायला तयार नव्हता. फुई चुलीपाशी बसून भाकरी खात होती. खाऊन झाल्यावर बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "तुला येवढं दिल्यावर त्यांच्या घरात काय उरतंय? आनि तुझी पोर जानार कुठं? त्याच घरात ना? मंग तू तुझ्या पोरीच्याच ताटातलं मागतोस, बाबा." तेवढ्यात मुलाचा काका खुशीत येऊन म्हणाला, मग निम्म्यातच भागवून टाकू. फुई गर्रकन त्याच्याकडे वळली. "दे की निम्मं. उद्या तुझ्या घरच्या बाया भांडनात तिला बोलतील, तुला सस्त्यात आनली. आनि तिचा बाप तुमच्या दारात येताना मान खाली घालून येईल. असा सोयरा पायजे का तुला?"

मग तिने पदराच्या गाठीतून वालाचे दाणे काढले. ही तिची पद्धत. आकडा ती तोंडाने बोलायची नाही, जमिनीवर दाणे मांडायची. एकदा मांडले की त्यातला दाणा उचलायचा नाही आणि नवा घालायचा नाही. पटलं तर लग्न, नाही पटलं तर ती पदर झटकून उठायची. पन्नासेक लग्नं तिने अशी ठरवली असतील. मोडलीही काही, नाही असं नाही. पण तिने ठरवलेल्या देजावरून नंतर भांडण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझंही देज आपणच ठरवायचं, असं तिने फार वर्षं मनात धरलं होतं. ते काही झालं नाही. मी शिकले, जव्हारला एका सरकारी कचेरीत लिपिक झाले, आणि लग्न या विषयावर घरात इतकी भांडणं केली की शेवटी सगळ्यांनी हात टेकले. फुईने एकदाच विचारलं, "नकोच का?" मी म्हटलं, "नको." "बरं," म्हणाली, आणि तो विषय तिने कायमचा टाकला. पण येता-जाता माझ्याकडे बघताना तिच्या तोंडावर काहीतरी राहून गेल्यासारखं दिसायचं, आणि ते मला फार टोचायचं.

जव्हारमध्ये मी अकरा वर्षं भाड्याच्या एका खोलीत काढली. मालक भले होते, पण खोली ती खोलीच. भिंतीला खिळा ठोकायचा तर विचारा, आई चार दिवस राहायला आली तर सांगा. छत्तीस पूर्ण झाली त्या वर्षी मी ठरवलं, बस्स. आता आपलं घर. आई पोशेऱ्यात भावाकडे असते, तिचे गुडघे गेलेत. तिला दवाखान्याजवळ आणायचं तर ते माझ्याच घरात आणायचं. हे एकदा डोक्यात बसल्यावर मला दुसरं काही सुचेना. आणि त्याच महिन्यात गुरुजींचं घर विकायला निघालं.

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शिकवलेलं. मुलगा नाशिकला, तो आईवडिलांना तिकडे बोलावत होता. राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, उताराच्या गल्लीत त्यांचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, वर कौलं, मागे फणस आणि विहीर. मी पडवीत पाय ठेवला आणि मला कळलं, हेच. आईची खाट कुठे ठेवायची तेही मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. गुरुजींनी सोळा लाख सांगितले.

आता बोलायचे किती? माझ्या टेबलाशेजारी भोईर भाऊसाहेब बसतात. त्यांनी आयुष्यात दोन घरं आणि तीन मोटारसायकली घेतल्या आहेत, त्यामुळे ते या विषयातले तज्ज्ञ. "मॅडम, नऊपासून सुरू करा," ते म्हणाले. "ते ओरडतील. ओरडू द्या. मग तुम्ही दहा, ते पंधरा, तुम्ही साडेदहा. असं करत करत तेराला तोडा." मी रोज जेवणाच्या सुट्टीत कागदावर आकडे लिहायची आणि खोडायची. नऊ म्हटलं तर म्हातारा अपमान समजून दारच लावेल. तेरा म्हटलं आणि बाराला मिळत असेल तर? त्यातच कळलं की शिरपामाळला फिरायला आलेले ठाण्याचे कुणी साहेब गुरुजींचं घर बघून गेलेत, सुट्टीला येऊन राहायला त्यांना हवंय, आणि ते पंधरापर्यंत जायला तयार आहेत. माझी तर झोपच उडाली. शेवटी एका रविवारी मी एसटीने पोशेरा गाठलं आणि फुईला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बैलांना बघायला कुनाला तरी सांगते. आठ दिवस येते तुझ्याकडं."

"आठ दिवस कशाला? मला आकडा सांग फक्त."

"आकडा काय झाडाला लागलाय, सुनी? तोडला आनि दिला?"

ती आली आणि माझ्या खोलीत आठ दिवस राहिली. काय करायची? काही नाही. मी काय खाते, काय आणते, कुणाला काय देते, ते बघत बसायची. महिनाअखेर होती. मी बिनदुधाचा चहा पिते हे तिने बघितलं. आईच्या औषधांची चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. पगार किती, बँक किती देते, हप्ता किती बसतो, हे मला पुन्हा पुन्हा विचारून दाण्यांनी मांडून बघितलं. मी पतसंस्थेतून आणखी एक लाख काढू शकते असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मी कचेरीत गेले की ती गुरुजींच्या गल्लीत जायची. नळावर बायांमध्ये बसायची. दोन गल्ल्या पलीकडचं तसंच घर गेल्या साली बाराला गेलं, हे मला अकरा वर्षं जव्हारात राहून माहीत नव्हतं. तिने तिसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. गुरुजींच्या परसात शेवग्याची पानं मागायच्या निमित्ताने जाऊन तिने विहिरीतही डोकावलं. माघ महिना होता, पाणी भरपूर होतं.

"वैशाखात हिला पानी नसंल," ती म्हणाली. "दगडावर खुना दिसतात. दीड महिना कोरडी. पन बाकीचं साल हाय ना. आनि कौलं उतरून पुन्हा बसवायला लागतील, त्याला एक दाना, म्हंजे लाखभर, बाजूला ठेव."

आठव्या दिवशी तिने माझ्यासमोर फरशीवर बारा दाणे मांडले. मग तेरावा उचलला, नखाने सोलून त्याच्या दोन डाळी केल्या आणि त्यातली एक बारांच्या शेजारी ठेवली. दुसरी तोंडात टाकली.

"साडेबारा लाख?"

"ह्याच्या वर गेलीस तर त्या घरात तू आनि तुझी आई अर्ध्या पोटी बसाल. ह्याच्या खाली गेलीस तर त्या म्हाताऱ्यांना घर गेल्याचं दुःख आनि वर लुबाडल्याचं दुःख. तशा घरात मला पानी गोड लागायचं नाय. तुला लागंल?"

मी म्हटलं, "पण फुई, साडेबारा ठरलेत तर आपण आधी दहा बोलू ना. सगळे तसंच करतात. ते वर येतील, आपण खाली..." तिने माझ्याकडे बघितलंच नाही. दाणे गोळा करून गाठ मारली. "तुला असं खाली-वर नाचायचं असंल तर भाऊसाहेबाला ने," म्हणाली. "मी येनार तर हेच बोलनार."

आम्ही गुरुजींकडे गेलो ती सकाळ मी जन्मात विसरायची नाही. मी फुईला बजावलं होतं की हे शहरगाव आहे, इथे खुर्चीवर बसायचं, चहा येईल तो घ्यायचा, आकडा बोलायचा, उठायचं. ती हो हो म्हणाली. आणि दारातून आत शिरली ती गुरुजींच्या नमस्काराला नमस्कार करून थेट स्वयंपाकघरात! गुरुजींच्या पत्नी, काकू, कुकर लावत होत्या. एक अनोळखी म्हातारी येऊन त्यांच्या ओट्याशेजारी भिंतीला टेकून बसली म्हटल्यावर त्या बावरल्याच. मी मागून धावले, "अहो काकू, सॉरी हं, फुईची सवय आहे..." फुई शांतपणे म्हणाली, "बाय, तू कर तुझं. मी बसते."

गुरुजींनी बाहेरून चहाचं विचारलं. फुई आतून म्हणाली, "चहा नको. जेवू."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आता गुरुजींना कसं सांगू, की आमच्याकडे ज्या घरचं जेवला नाहीत त्या घराशी बोलणी करायची नसतात? मी सांगायचा प्रयत्न केला, तो आणखीच विचित्र वाटला. पण काकूंनी डाळीत वाटीभर पाणी वाढवलं आणि पाट टाकले. तेवढ्या वेळात फुईने त्यांना एकच प्रश्न विचारला. "बाय, हितून जाताना तुझं काय काय जानार?"

एवढे दिवस घर बघायला आलेल्यांनी त्यांना कौलांचं विचारलं होतं, सातबाऱ्याचं, नळाचं, पार्किंगचं. हे कुणी विचारलं नव्हतं. काकू आधी "काय जायचंय, जुनं घर" असं म्हणाल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. मागच्या दारात सकाळी ऊन येतं तिथे त्या तांदूळ निवडतात, ते जाणार. शेजारीण भिंतीवरून हाक मारते, ती जाणार. नाशिकला सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, तिथे हाक मारायला भिंतच नाही. डोळ्यांना पदर लावत त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आणि फणस. एकटीने चिरायचा कंटाळा यायचा, तरी रडवेली होतेय बघा."

जेवण झालं. फुईने ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं, बाहेर येऊन जमिनीवर बसली आणि गुरुजींच्या खुर्चीसमोर बारा दाणे मांडले, शेजारी एक डाळ. गुरुजी चष्मा सावरून वाकून बघायला लागले.

"साडेबारा लाख," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"बाई, ठाण्याचे साहेब पंधरा म्हणतायत."

"मंग त्यांना द्या," फुई म्हणाली. अगदी प्रेमाने.

"तसं नव्हे. व्यवहारात थोडं तुम्ही वर यायचं, थोडं मी खाली यायचं."

"आम्ही जिथं यायचं तिथंच आलोय, गुरुजी."

गुरुजी चिडले. पोरांचे पाढे चुकल्यावर चिडत असतील तसे. "मग बोलणी कसली करायला आलात?" म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला काहीतरी खूण केली. तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुम्ही राहायला घेताय, ते सुट्टीला घेतायत. मला फरक कळतो. साडेतेरा. याच्या खाली मला मुलाला तोंड दाखवता येणार नाही. साडेतेरा म्हणा, घर तुमचं."

एक लाख. फक्त एक लाख आणि आईची खाट त्या पडवीत. माझ्या तोंडावर काय उमटलं असेल ते मला ठाऊक नाही, पण फुईने ते बघितलं. तिने खूप वेळ बघितलं. आणि मग, ज्या बाईने आयुष्यात मांडलेल्या दाण्यांना पुन्हा हात लावला नव्हता, तिने पदराची गाठ सोडली, आणखी एक दाणा काढला आणि बारांच्या रांगेत ठेवला.

"हा माझा," ती म्हणाली. "माझी जोडी विकते."

मला आधी कळेचना. मग कळलं, बैल. ती तिचे बैल विकणार होती. बैल गेल्यावर तिचं शेत कोण नांगरणार? मजुरीला जाणार होती का ती या वयात? मला इतका राग आला, इतका राग आला, काय सांगू! मी वाकले, तो दाणा उचलला, तिच्या पदरात घातला आणि स्वतः घट्ट गाठ मारली.

"साडेबारा, गुरुजी," मी म्हटलं. "जमत असेल तर सांगा. चल, फुई."

आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. मी रडकुंडीला आले होते. घर गेलं होतं, मीच घालवलं होतं. बाकावर बसल्यावर फुई एकदम हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन हसत होती. "माझाच आकडा मोडायला निघाले होते मी," म्हणाली. "म्हातारी झाले. तुझं तोंड बघवंना मला." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आज बोलनी तू केलीस, सुनी. चांगली केलीस." पोशेऱ्यावरून जाणारी मोखाड्याची गाडी लागली, ती चढली. खिडकीतून ओरडून म्हणाली, "बैलांना सांगते, वाचलात म्हनून!"

ती माझी आणि तिची शेवटची भेट.

चैत्रात मोहाची फुलं वेचायला ती पहाटे रानात गेली. टोपली भरून परत आली, छातीत दुखतंय म्हणाली, भिंतीला टेकून बसली आणि गेली. मी पोहोचेपर्यंत दारात माणसं मावत नव्हती. कुठकुठल्या पाड्यांवरून जोडपी आली होती, तिने लग्न ठरवलेली. माझ्या हातात सगळी व्यवस्था आली. लाकडं, पाहुण्यांचं पाणी, बैलांना वैरण. भावाने नंतर विचारलं, तू रडली नाहीस? खरंच, मला रडू आलंच नाही. वेळच नव्हता म्हणा. बैल आता भावाकडे आहेत.

वैशाखात मी कचेरीत होते आणि फोन वाजला. गुरुजी. आवाज दमलेला. ठाण्याचे साहेब सौदा पक्का करायला आले होते, म्हणाले. विहिरीत डोकावले तर तळाचे दगड. नळाला चौथ्या दिवशी पाणी. साहेबांनी तिथेच उभं राहून पंधराचे अकरा केले. मुलाने तिकडे फ्लॅटचे पैसे दहा तारखेपर्यंत भरायचं कबूल केलंय. "तुमचं मन अजून असेल तर," गुरुजी अडखळले, "अकरा, साडेअकरा... तुम्ही म्हणाल ते. निदान तुम्ही राहायला तरी याल."

भोईर भाऊसाहेबांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ते खुर्चीतून उठलेच. "मॅडम, देव पावला! दहा म्हणा, दहा! म्हातारा अडलाय." आणि खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर देव पावल्यासारखंच वाटलं. दीड लाख वाचत होते. कौलं त्यातच होत होती. मी काही साधुसंत नाही, महिनाअखेरीला बिनदुधाचा चहा पिणारी बाई आहे. हात धुवायला मोरीपाशी गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. मग पर्स उचलली आणि भर दुपारच्या उन्हात चालत गुरुजींकडे गेले.

काकूंनी दार उघडलं. गुरुजी माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. ज्या माणसाने आम्हाला साडेतेरा सांगितले होते, तो खुर्चीच्या हातावर बोट घाशीत खाली बघत बसला होता. मला ते बघवेना. असं खाली बघत कुणी मला त्याचं घर द्यावं, हे मला नको होतं.

"गुरुजी, साडेबारा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मला फोनवर नीट ऐकू आलं नव्हतं. "अहो, मी अकरा म्हणतोय. अगदीच वाटलं तर साडेअकरा."

"ऐकलं मी. आमचा आकडा साडेबारा आहे."

"पण विहीर आटलीय. तुम्ही बघा तरी."

"विहीर वैशाखात आटते हे फुईने माघातच बघितलं होतं. साडेबारा आटलेल्या विहिरीसकटच होते."

गुरुजींनी मान वर केली. जन्मभर गणित शिकवलेला माणूस; माझं उत्तर चुकतंय आणि ते आपल्याच फायद्याचं आहे, हे त्यांना सहन होईना. "हे बघा, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता तुम्हाला कमीत मिळतंय, तर तुम्ही तुमचा आकडा बदला. त्यात काही वावगं नाही."

"बदलायचा तर फुईला विचारायला हवं, गुरुजी," मी म्हटलं. "आणि फुई गेली."

एवढंच म्हणायचं होतं मला. पण ते वाक्य मी तोपर्यंत मोठ्याने म्हटलंच नव्हतं, कुणालाच नाही. म्हटलं आणि मला रडू आवरेना. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते आणि हुंदक्यावर हुंदके येत होते. चितेपाशी आलं नव्हतं ते सगळं त्या परक्या पडवीत आलं. मला भयंकर लाज वाटली. पदराने तोंड झाकत मी म्हटलं, "माफ करा, काकू, तुमच्या घरात येऊन असं..."

गुरुजींनी चष्मा काढला होता. काकू पुढे आल्या. आजवर मला अहो-जाहो करणाऱ्या त्या बाईने माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"रड गं," त्या म्हणाल्या. "घर तुझंच आहे."